खारीचा प्रश्न

बाळांनो, वरच्या खोलीतली डॉक्टर ताई कुठे गेली, हे तुम्ही दोघांनी मला व्हिडिओ कॉलवर बऱ्याचदा विचारलंत. प्रत्येक वेळी मी तुमच्याकडच्या थंडीची चौकशी करून विषय बदलला. तुम्ही आता लहान नाही, विषय बदललेला तुम्हाला कळतो. पण फोनवर मला हे नीट क्रमाने सांगता आलं नसतं, आणि क्रम सोडून सांगायची मला सवय नाही. म्हणून लिहून पाठवते आहे.

ती आली दिवाळीच्या आधी. डॉक्टरकीचं शिक्षण संपत आलं की या मुलांना काही महिने गावाकडच्या सरकारी दवाखान्यात काम करावं लागतं. तिची पाळी आमच्या सेलूत लागली. दवाखान्यातल्या सिस्टरने माझ्याकडे खोलीची चौकशी केली. तुमच्या बाबांनी बांधलेली वरची खोली रिकामीच होती. मी म्हटलं, येऊ दे.

आठवडाभरात ती माझ्याच ताटाशेजारी ताट घेऊन बसायला लागली. माझे मसाल्यांचे डबे, त्यांवरच्या इंग्रजी चिठ्ठ्या आणि तारखा पाहून म्हणाली, "आजी, हे स्वयंपाकघर आहे की मेडिकल स्टोअर?" पण डबा घेतला की होता तिथेच ठेवायची. माझ्या घरात ही मोठी गोष्ट आहे, तुमच्या आजोबांना ती शेवटपर्यंत जमली नाही. माझे हात कणकेत असले की तुमचा फोन तीच घ्यायची. फुटबॉल खेळताना सुजलेला घोटा तिने फोनवरूनच पाहून बर्फ सांगितला होता, आठवतं ना? तुमच्यासारखंच ती मला 'आजी' म्हणायची. तुमच्या तोंडून तो शब्द थोडा वाकडा येतो, तिचा सरळ यायचा. मला तो ऐकायला आवडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

शाळेतल्या मुलींना पाळी, शरीर, मूल कसं होतं, कधी होऊ द्यावं, हे शिकवायचं तिच्या मनात होतं. तिच्या कॉलेजने त्यासाठी टॅबलेट दिले होते. मी ज्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तिथे विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने शिकवला जातो. बाई म्हणतात, "हा घरी वाचा." घरी कोण वाचणार?

तिने एक टॅबलेट आधी मला दाखवला. पडद्यावर बाईच्या शरीराचं चित्र. बोट लावलं तिथला भाग उजळायचा. महिन्याचं एक चाक होतं, बोटाने फिरवलं की कोणत्या दिवशी आत काय घडतं ते दिसायचं.

"मला याचा काय उपयोग?" मी विचारलं.

"तुमचं चाक थांबलंय आजी, पण फिरवता तर येतंय," ती म्हणाली. आम्ही दोघी खूप हसलो.

त्यातली सगळ्यात चांगली सोय प्रश्नांची होती. मुलीने नाव घालायचंच नाही. एखादा पक्षी किंवा प्राणी निवडायचा. तिने लिहिलेला प्रश्न त्या चित्राशेजारी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर यायचा. कावळ्याने काय विचारलं ते सगळ्यांना दिसणार, पण कावळा कोण ते कुणालाच कळणार नाही.

मुख्याध्यापिका माझं ऐकतात, त्यामुळे शाळेची अडचण नव्हती. अडचण आयांची होती. म्हणून संक्रांतीनंतर मी त्यांना तिळगुळाला घरी बोलावलं. तुमचे आजोबा गेल्यापासून मी हळदीकुंकू करत नाही, पण तिळगुळाला बायका येतात. जिनिंगचे दिवस होते. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकीच्या डोक्यावर कापसाचा एखादा तंतू होताच.

"पोरींना पडद्यावर नेमकं काय दावनार मॅडम?" एकीने विचारलं.

"त्यांना काय दावायचं ऱ्हायलंय?" दुसरी म्हणाली. "गोठ्यात म्हशी गाभन व्हत्यात ते पोरी रोज बघायल्यात."

"म्हशीला सासू नसती गं. पोरींना आसती."

हशा पिकला आणि बायका मोकळ्या झाल्या. एकजण मात्र हसली नाही. ती जिनिंगमागच्या गल्लीत राहते. तिची मुलगी दहावीत, इंग्रजीसाठी दुपारी माझ्या ओसरीवर येणाऱ्या मुलींपैकी एक. हे कुटुंब दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. या वर्षी नवरा त्याच्या भावासोबत गेला होता आणि ती मागे राहिली होती. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. अपेंडिक्सचं, असं तिने गल्लीत सांगितलं होतं.

तिने विचारलं, "पोरी जे इचारतील ते बाहीर जाईल का?"

डॉक्टर म्हणाली, "वर्गाच्या भिंतीबाहेर एक शब्द जाणार नाही, मावशी. संध्याकाळी मी सगळं पुसून टाकते."

तिने मान हलवली, पण बघत होती माझ्याकडे. "बाई, तुमी सांगा."

मी सांगितलं. "ती म्हणते तसंच होईल."

निघताना ती परत आत आली. पदराखालून एक नारळ आणि हिरवा खण काढला आणि डॉक्टरची ओटी भरायला लागली. दारातली म्हातारी म्हणाली, "अगं, लगीन न्हाई झालं तिचं, वटी कशी भरायलीस?"

"डाक्टरीन हाय, तिला चालतंय," ती म्हणाली. "आपल्या लेकींचं बघायलीय. मंग लेकच की. लेकीला रिकामं धाडतेत व्हय?"

डॉक्टरने ओढणी पसरली. तिचे डोळे भरून आले होते. तेव्हा मला ते डोळे खरे वाटले. खरंच असतील.

वर्गाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. मुलांना दुसऱ्या खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर मुलगे शिकवत होते. मुलींनी सुरुवातीला ओढण्यांत तोंडं घातली, मग चाक फिरवायला हात पुढे आले, मग प्रश्न. मैनेने विचारलं, पाळीत लोणच्याला हात लावला तर ते खरंच नासतं का. डॉक्टरने सगळ्यांना बटण दाबून हो की नाही सांगायला लावलं. हो जास्त आले. मग एक मुलगी मागे वळून धीटपणे म्हणाली, "बाई, तुमी लावत व्हता का हात?"

"लावत होते," मी म्हटलं. "माझ्या बरणीवर तारीख असायची, ती लोणच्याची."

वर्ग हसून लोळला. इतक्या वर्षांत त्या शाळेत मी असा तास पाहिला नव्हता, हे मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. पुढचं सगळं घडूनही तो तास वाईट होता असं मला म्हणता येत नाही.

तास संपत आला तेव्हा पडद्यावर खार आली. मुली मोबाइलवर लिहितात तशी, इंग्रजी अक्षरांत मराठी. मी तुमच्यासाठी सरळ करून लिहिते.

"माझी आई उसाला जायची. तिची पिशवी काढली. मला पण लय रक्त जातं. माझी पण काढावी लागेल का?"

पिशवी म्हणजे गर्भाशय. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत हे ऑपरेशन पुष्कळ जणींचं होतं, आणि बोललं जात नाही.

वर्गात ऊसतोड करणाऱ्यांच्या मुली आणखीही होत्या. पण त्यांच्या आया त्या वेळी कारखान्यावर होत्या. ऑपरेशन होऊन घरी राहिलेली आई एकच होती. मला कळलं, तसं त्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला कळलं. पण एकाही मुलीने मान वळवली नाही. सगळ्या आपापल्या टॅबलेटकडे बघत राहिल्या. ज्यांच्याबद्दल आपण म्हणतो की यांना पोच नाही, त्या वयाच्या मुली या.

डॉक्टरने ॲप्रनच्या खिशातून मोबाइल काढला आणि पडद्यासमोर धरला. उत्तराची तयारी करण्यासाठी ती प्रश्न टिपून घेते आहे, असं मला वाटलं. तेवढ्यात घंटा झाली. "फार महत्त्वाचा प्रश्न आहे हा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी यापासूनच सुरुवात करू."

पुढचा तास दोन आठवड्यांनी ठरला होता.

त्याआधीच एका सकाळी तुमच्या आईने मला एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "आई, तुमची डॉक्टर फेमस झाली!" सेलूतला वर्ग तुमच्या गावी जाऊन माझ्या स्वयंपाकघरात परत आला. मी चष्मा पुसून पाहिला. चाक फिरवणारे हात, पाठमोऱ्या वेण्या, हसण्याचे आवाज; बाकांमधून फिरताना तिने हे कधी टिपलं, ते मला कळलंही नव्हतं. मग एकदम सगळं शांत, बासरी सुरू, आणि पडद्यावरची खार. तिची चारही वाक्यं तशीच्या तशी. त्यानंतर डॉक्टरचा चेहरा जवळून. ती काही बोलत नाही, फक्त डोळे पुसते. संपलं.

तो चेहरा वर्गातला नव्हता. मागे माझ्या वरच्या खोलीचा निळा पडदा दिसत होता. वर्ग झाल्यावर माझ्याच घरात बसून तिने ते डोळे पुसले होते आणि पुसताना मोबाइल समोर धरला होता.

दुपारी ती दवाखान्यातून आली ती हसतच. "आजी, आवडलं ना?"

"मी पाहिलं हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या सूनबाईंनी लाइक केलंय."

मी तिला बसायला सांगितलं. "तू म्हणाली होतीस, संध्याकाळी पुसून टाकते."

"पुसलं की, टॅबलेटवरचं सगळं पुसलं. हा फक्त माझ्या मोबाइलमधला शॉट होता. कॉलेजच्या स्पर्धेसाठी घेतला होता, तिथे बक्षीस मिळालं, म्हणून मग टाकला." माझा चेहरा बघून ती थांबली. "आजी, नाव नाहीये त्यात. शाळेचं नाही, गावाचं नाही. एकीचाही चेहरा नाही. मी नीट तपासलंय."

"ऑपरेशन होऊन घरी राहिलेली आई इथे एकच आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी तिला एखादी नवीन भाषा शिकवते आहे. शहरात नाव आणि चेहरा झाकला की माणूस झाकला जातो. सेलूत कोणाच्या अंगणात कोण वाळवण घालतंय त्यावरून माणूस ओळखतात. चार महिने ती इथे राहिली होती, माझ्या हातचं जेवली होती, आणि हे तिला माहीत नव्हतं. की माहीत करून घ्यावंसं वाटलं नव्हतं?

"पण बघा ना, किती मुलींनी खाली लिहिलंय," ती मोबाइल पुढे करत म्हणाली. "कितीजणी रडल्यात."

"आणि उत्तर काय दिलंस?"

"कुणाला?"

बाळांनो, त्या एका शब्दाने माझं मन तिच्यावरून उडालं. बाकीचं मी तरुणपणाच्या खात्यावर टाकलं असतं. पण ज्या प्रश्नावर तिला बक्षीस मिळालं, त्याला उत्तर द्यायचं राहिलंय हे तिच्या लक्षातच नव्हतं.

तिने तो व्हिडिओ माझ्यासमोर काढून टाकला. तोपर्यंत तो कापूस बाजारातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून आला होता. गल्लीत लोक त्या बाईला विचारायला लागले, "अपेंडिक कसं हाय आता?" शाळेने पुढचा तास रद्द केला. माझ्या ओसरीवर येणाऱ्या मुली एक एक करून कमी झाल्या. ती मुलगी शाळेतही येईना, आणि दहावीची परीक्षा तोंडावर होती. डॉक्टरने तिची ड्युटी दुसरीकडे बदलून घेतली. जाताना ती माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला, कारण पाया पडणाऱ्याला तो द्यायचा असतो. वरची खोली झाडताना कपाटात तो हिरवा खण घडीही न मोडता पडलेला सापडला.

मी जिनिंगमागच्या गल्लीत गेले. मुलीच्या आईने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. त्यात तिने काही कमी केलं नाही. मग म्हणाली, "बाई, मी काय त्या मशीनीवर भरोसा टाकला न्हवता. त्या पोरीवर बी न्हाई. तुमी सांगितलं म्हनून टाकला."

 मला ज्या शब्दाने फसवलं, त्याच शब्दाने मी तिला फसवलं होतं, आणि तिच्या पाटावर बसून मी वेगळी आहे असं मला म्हणता येईना.

"उद्या हिला कोन करून घेईल?" ती म्हणाली. "आयचं आसं, तर लेकीचंबी तसंच, म्हनत्यात. आता घरातच बसू दे."

आतून मुलीचा आवाज आला. "माझं उत्तर ऱ्हायलंच की."

"गप बैस!" आई ओरडली. "तुझ्या इचारन्यानंच झालंय हे समदं!"

"इचारलं नसतं तर मला कोन सांगनार व्हतं? तू सांगतीस का?" मुलगी दारात आली. ती किती पिवळी पडली होती ते मी तेव्हा पाहिलं. "लय जायलंय, आय. मला उभं ऱ्हायलं की अंधारी येतीय."

आई तिच्याकडे बघत राहिली. रागातला माणूस असा एकदम थकतो.

"माझ्याबरोबर परभणीला चला," मी म्हटलं. "तुम्हीपण या. मी आत येणार नाही, बाहेर बसेन. डॉक्टर काय सांगतात ते तुम्ही स्वतःच ऐका."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी रेल्वेने परभणीला गेलो. सरकारी दवाखान्यात बायकांच्या ओपीडीबाहेर रांगेत उभ्या राहिलो. नंबर आल्यावर मी बाकावर बसायला वळले, तर आईने माझा दंड धरला. "चला आत. मला इंग्रजीतलं समजत न्हाई."

इंग्रजीतलं काहीच नव्हतं. आतली डॉक्टर पन्नाशीची, थकलेली, जराशी तिरसट. तिने मुलीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, रक्त तपासलं, सोनोग्राफी करवली. मग थेट मुलीशीच बोलली. "तुझ्या अंगात रक्त नाही, म्हणून अंधारी येते. गोळ्या देते, त्या चुकवायच्या नाहीत. रक्तस्रावाचंही औषध देते, महिन्याने परत दाखवायचं. पिशवीला काहीही झालेलं नाही. आईची काढली म्हणून लेकीची काढत नाहीत. कळलं?"

मुलीने मान हलवली. सगळं मिळून दोन मिनिटांत झालं असेल ते उत्तर.

मग डॉक्टरने आईला विचारलं, "तुमची का काढली?"

"पांढरं जायचं. पोट दुखायचं. डाक्टर म्हनले, कॅन्सर व्हईल. लवकर काढून टाका, मंग कामाला मोकळ्या व्हताव."

"तपासणी काय काय केली होती?"

आईने नुसती मान हलवली, नाही म्हणून. डॉक्टरने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि पुढचं नाव पुकारलं.

परतीच्या गाडीत मुलगी खिडकीशी टेकून झोपली. मानवत रोड गेल्यावर आई खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "माझी बी चांगलीच व्हती म्हनायचं का मंग, बाई?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही." ते खरं होतं. पण ती माझ्याकडून खरं मागत नव्हती, आणि खोटं बोलायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता.

मुलगी परीक्षेला बसली. माझ्या ओसरीवर पुन्हा यायला लागली, सगळ्यांत आधी तीच. उन्हाळ्यात एकदा डॉक्टर ताईचा आवाजी मेसेज आला. चांगला लांबलचक. माफी मागितली होती, आणि खारीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. नीट, सोपं, एकही गोष्ट न सोडता. परभणीच्या डॉक्टरपेक्षाही छान समजावलं होतं. मी तो मुलीला ऐकवला. शेजारी तिची आईही बसलेली होती, लेकीला न्यायला आलेली.

मुलीने शेवटपर्यंत ऐकलं. "मॅडम समजून लय भारी सांगत्यात," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता हे तुमी फुडं कुनाला पाठवू नका."

मी तिच्यासमोर तो पुसला. डॉक्टरला मी उत्तर लिहिलेलं नाही. तिचे फोन येतात, मी घेत नाही. तुमच्या आईला सांगा की तिने तिच्याशी खुशाल बोलावं. मी कुणाला अडवत नाही. ती एका मोठ्या दवाखान्यात आहे, सुखात असेल.

त्या दिवशी मेसेज ऐकून झाल्यावर मुलीची आई उठता उठता थांबली. "बाई, तो खन ती घेऊन गेली का?"

 मी वर गेले आणि कपाटातून तो खण आणून दिला.

ओटीत घातलेलं कुणी परत घेत नाही. माझ्या इतक्या वयात मी ते कधी पाहिलेलं नाही. तिने खण उलगडून उन्हात धरला, दोन्ही बाजू पाहिल्या, परत घडी केली आणि लेकीच्या दप्तरात घातला.

"चल," ती म्हणाली, "शिवून टाकू तुला."